वेलाच्या बुडाशी चिंधी

गयाक्काचं नाव आधी. बाकीचं सगळं तिच्या मागून.

आज मला निजायला खोली आहे, हाताला काम आहे, आणि चार ओळी लिहिता येतात. यातलं जे जे आहे ते गयाक्कानं दिलेलं आहे. तिनं त्या दिवशी विहिरीजवळ मला 'राहा' म्हटलं नसतं तर मी कुठं असते, हा विचार मी आजवर पुरा केलेला नाही. अर्ध्यावर आला की दुसरं काहीतरी काम काढते.

भादवा आला. सकाळी बांधावरून येताना वाळकाचा वास आला आणि पाय तिथंच थांबले. वाळूक म्हणजे काकडीचं रानातलं भावंड. कोवळं असलं की कोशिंबिरीला, पिकलं की पिवळं होऊन मधोमध उलतं आणि त्याचा गोडसर वास कापसाच्या पऱ्हाटीच्या दोन ओळी ओलांडून येतो. जालन्याकडच्या माणसाला हा वास बालपणाचा. माझं बालपण तिकडं चंद्रपूरकडं, धानाच्या चिखलात गेलं. माझ्यासाठी हा वास एका बाईचा आहे. आणि एका गोष्टीचा, जी मी केली. आणि दुसरीचा, जी मी केली नाही.

आठवीत माझी शाळा सुटली. भाऊ जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात लागला, त्याच्या भाकरी थापायला मी आले. दोन वर्षांनी त्याला तिथली भट्टी सोसेना, तो परत निघाला. गावी माझ्यासाठी एक स्थळ ठरवून ठेवलं होतं, माझ्या दुपटीच्या वयाचं. मी येत नाही म्हटलं. "मग इथंच मर," असं म्हणून तो गाडीत बसला. त्याच आठवड्यात मी बदनापूरच्या पुढं सरांच्या शेतावर भेंडी तोडायच्या रोजावर गेले. घाबरलेलीच होते. आजही असते. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी आधी मनात येतं, आता जा म्हणतील.

"कुठली गं तू?" विहिरीच्या काठावर बसलेल्या एका बाईनं विचारलं. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण.

"चंद्रपूरकडची जी."

"काय जी-जी करून राह्यली? मी काय तहसीलदार हाय? आक्का म्हण." मग माझ्या हातातली पिशवी बघून, "कपडे घेऊन फिरती व्हय भेंडी तोडायला?"

मी पिशवी पाठीमागं धरली. तिनं पुढं विचारलं नाही. दुपारची भाकर माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "खोलीत दोघी मावतो. राहा. मी घोरते, तेवढं सोसायचं."

शेत सरांचं. सर निवृत्त शिक्षक. वडिलांची जमीन त्यांनी भाजीला लावली आणि जालन्यातल्या बत्तीस घरांना वाटेकरी केलं. हंगाम सुरू व्हायच्या आधीच ती घरं आपला वाटा ठरवतात, आणि दर शनिवारी त्या-त्या घराची कापडी पिशवी भरून जाते. पाऊस चांगला झाला तर पिशवी फुगते, खंड पडला तर सगळ्यांचीच रोडावते. नव्या जालन्यातले बँकेतले, शाळेतले, बियाण्यांच्या ऑफिसातले लोक. महिन्यातून एका रविवारी मुलंबाळं घेऊन यायचे, गवार तोडायचे, चिखलात फोटो काढायचे. पिशवीत कोणकोणती भाजी आहे त्याची चिठ्ठी लिहायचं काम सरांनी मला दिलं. माझ्या अक्षराला मी लाजायची. सर म्हणाले, "निर्मला, वाचता येतंय ना? मग झालं." त्या चिठ्ठ्या लिहून-लिहूनच मी लिहायला शिकले. शाळेत जे राहिलं ते दोडका, गिलके, पडवळ यांनी पुरं केलं.

बाकीचं शिकवलं गयाक्कानं. भेंडीचा शेंडा मोडून बघायचा, टक् वाजला तर कोवळी. गवार सकाळी तोडायची, दुपारी तिची लव हाताला खाते. पहिल्याच पावसाळ्यात मी ओल्या रानात शिरले, आमच्याकडं धानात शिरतो तशी, आणि काळ्या मातीनं दोन्ही चपला ठेवून घेतल्या. एकेका पायाला शेर-शेर चिखल. बांधावर बसून गयाक्का डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. चंद्रपूरला ती चांदाच म्हणायची. "ए चांदेवाले, हे धान न्हाई! वाफसा येऊ दे. माती तुला ये म्हणल, मंग जा." माती मोकळी झाली की नाही हे ती पायाच्या अंगठ्यानं सांगायची. नजरेचं तिला फारसं अडत नाही, असं मला वाटायचं. अडत होतं. नजर जाऊन राह्यली होती, म्हणून ती बोटांनी बघत होती. हे मला फार उशिरा कळलं.

वाळकाचा एक नियम तिनं घातलेला. वाळकाचा एखादा वेल कडू निघतो. वरून काही कळत नाही, पान तेच, फूल तेच. म्हणून प्रत्येक वेलाचं पहिलं कोवळं फळ ती तोडायची, देठाकडचा तुकडा दातानं तोडून चावायची. गोड निघालं की आपल्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी त्या वेलाच्या बुडाशी बांधायची. कडू निघालं की थुंकून वेल मुळासकट उपटायची. "दिसायला देखणं, पोटात इख," म्हणायची आणि वेल बांधापलीकडं भिरकवायची. चिंधी नसलेल्या वेलाचं फळ पिशवीत जायचं नाही. ही चिंधी दुसऱ्या कुणी बांधायची नाही, सरांनीसुद्धा नाही. बीही ती त्याच वेलांचं धरायची, राखेत घोळून फडक्यात बांधायची. "जालन्यावानी बियाच्या गावात राहून बी इकत घ्यायचं म्हंजे," ती हसायची, "बापाच्या घरी पाव्हणी म्हणून जेवायचं."

आता गेल्या भादव्यातल्या त्या महालक्ष्म्यांचं.

आमच्याकडं गौरी अशा बसत नाहीत. इथं घराघरात दोन्ही महालक्ष्म्या उभ्या राहतात आणि नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. सोळा म्हणजे सोळाच. त्या आठवड्याची पिशवी ही वर्षातली सगळ्यात मोठी पिशवी. आदल्या रविवारी जोशीकाकू शेतावर आल्या होत्या. वाटेकऱ्यांतल्या सगळ्यात जुन्या, माझ्याशी नेहमी मायेनं बोलणाऱ्या. जाताना म्हणाल्या, "निर्मला, महालक्ष्मीच्या भाजीला कुणी दात लावायचा नाही हं. देवीच्या आधी कुणाची जीभ लागायला नको." मी मान डोलावली. असं काही कुणी सांगितलं की ते माझ्या आत रुतून बसतं, रात्रंदिवस टोचतं.

गयाक्का नातवाच्या बारशाला लेकीकडं, जाफराबादकडं निघाली. जीपमध्ये बसता-बसता ओरडली, "बांधावरच्या दोन वेलांना हात लावू नको गं. आल्यावर बघीन."

भाज्या भरायच्या सकाळी मी चिठ्ठी लिहायला बसले. भेंडी, गवार, दोडका, कारलं, गिलके, पडवळ, लाल भोपळा, दुधी, चवळीच्या शेंगा, घेवडा, वांगी, अळू, अंबाडी, शेपू, राजगिरा. पंधरा. सोळावं वाळूक. पण पंधरा दिवस पावसानं खंड दिलेला, चिंधीवाल्या वेलांवर तेवीसच निघाली. नऊ घरांची सोळावी भाजी नव्हती. बांधावरच्या दोन वेलांवर मी गेले. हिरवीगार, पांढऱ्या रेघांची, एकसारखी. मोजली. नऊ.

जणू माझ्यासाठीच कुणी मोजून ठेवलेली. दोन्ही वेलांचं एकेक चाखलं असतं तर सातच उरली असती. आणि चाखायचं कसं? देवीच्या आधी? मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. उन्हानं मान भाजून निघाली. सरांना फोन करून विचारता आलं असतं. पण विचारलं म्हणजे मला समजत नाही असं झालं असतं, आणि ज्याला समजत नाही त्याला ठेवतात कशाला? मी नऊच्या नऊ तोडली. मग मागं वळले, आणि मला भीती वाटली की सर बघतील, बिनचिंधीच्या वेलाची फळं गेली म्हणतील. खोलीतून आक्काची हिरवी चिंधी आणली, दोन तुकडे फाडले, दोन्ही वेलांच्या बुडाशी बांधले.

हे मी समजून-उमजून केलं. इथं मला आडोसा घ्यायचा नाही.

नैवेद्य कुणी चाखत नाही. कोशिंबीर झाली, पानात वाढली गेली, आरती झाली, सवाष्णी जेवायला बसल्या, आणि मग नऊ घरांत एकेक घास तोंडात गेला.

सरांचा फोन दुपारपासून वाजत होता. जोशीकाकू रडत होत्या. "सर, देवीच्या पानात कडू गेलं हो. सासूबाई पानावरून उठल्या." एका घरी नव्या सुनेला बोलणी बसली, की हिनं भाजीला नीट हात लावला नाही. सुनेचा काय दोष? पण हे मी कुणाला सांगणार होते?

तिसऱ्या दिवशी गयाक्का जीपमधून उतरली. पदरात बारशाच्या घुगऱ्या बांधलेल्या, माझ्यासाठी. मी गवार निवडत बसले होते. एकेक वेल चाखून सर बांधावरच उभे होते.

"आक्का, या दोन वेलांना चिंधी कुणी बांधली?"

ती वाकली. हातानं चाचपत बुडाशी गेली. अंगठा गाठीवरून फिरला, एकदा, मग परत एकदा. मी गवारीचे देठ खुडत होते. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

"मीच की."

"चाखलं होतं?"

"जायची घाई व्हती. राहून गेलं."

"राहून गेलं?" सर कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. "आक्का, तुम्हाला नीट दिसत नाही हे मला चार महिने कळतंय. दिवाळीनंतर डोळे दाखवू म्हणत होतो. पण हे लोकांच्या देवाचं आहे हो. आता थोडे दिवस लेकीकडं राहा."

"बराबर हाय सर तुमचं," ती म्हणाली.

एवढंच. सरांच्या आईच्या वेळेपासून त्या मळ्यात राबलेली बाई, आणि दोन वाक्यांत बाहेर झाली. मी मान वर केली नाही. गवार खुडत राहिले, निवडलेली गवार परत निवडली.

खोलीत ती दोन लुगडी, पितळेचा तांब्या आणि चुन्याची डबी बांधत होती. मी दाराशी उभी राहिले. "आक्का, ते मी..."

"गप. तुला जायला जागा न्हाई. मला लेक हाय."

"पण तुम्हाला कसं..."

"धानाची पेंढी बांधल्यावानी पिळा दिऊन खोचलेली गाठ. हितं कोण मारतंय तसली?" आणि ती चक्क हसली. "निदान गाठ तरी माझ्यावानी मारायची, येडे."

मग ट्रंकेतून एक फडकं काढून माझ्या हातात दिलं. राखेत घोळलेलं वाळकाचं बी. "गोड वेलाचं हाय. जपून ठेव." पदर सोडून घुगऱ्या माझ्या ओंजळीत टाकल्या. जीप आली. मला वाटलं ती वळून बघेल. मग माझ्या लक्षात आलं, वळून बघितलं तरी एवढ्या लांबून मी तिला दिसणार नव्हते.

थंडी आली. मेथी आली, वाटाण्याला फुलं धरली. खोली मोठी झाली होती. घोरण्याचा आवाज नसला की झोप लागत नाही, हे कुणाला सांगितलं तर हसतील. मेथीच्या जुड्या बांधताना माझ्या हाताखाली तीच गाठ यायची, पिळा आणि खोच, पिळा आणि खोच. एका सकाळी शंभरएक जुड्या बांधून झाल्यावर मी सरांपुढं जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. आता जा म्हणतील, याची तयारी करून, पिशवी भरून ठेवून गेले होते.

सरांनी हातातली जुडी खाली ठेवली. "तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही काढून टाकाल म्हणून."

सरांनी मोटारसायकलची किल्ली काढली. "चल."

मला वाटलं स्टेशनवर सोडतायत. गाडी जाफराबादच्या रस्त्याला लागली, आणि मी मागं बसून रडले, वाऱ्यात ते कुणाला कळलं नाही.

गयाक्का अंगणात बसली होती. आमच्या पावलांकडं तोंड करून, पण थोडं बाजूला. सरांनी तिला जालन्याला आणलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू. गेलेली नजर येत नाही म्हणाले. मी विचारलं, "आधी आणलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "किती कधी गेलं, हे आता सांगता येत नाही." ते खरंच बोलले असतील. पण त्या वाक्यानं मला सोडलं नाही आणि धरलंही नाही. सरांनी ठरवल्याप्रमाणे दिवाळीनंतर डोळे दाखवले असते, तर? ती मळ्यात असती तर? मी एक वाक्य बोलले असते तर ती मळ्यात असती. एवढा हिशोब मला येतो. त्यासाठी आठवीच्या पुढं जावं लागत नाही.

सरांनी तिची माफी मागितली, परत चला म्हणाले. "आता काय करू येऊन? पाटात पडंन," ती म्हणाली.

तिला घरी सोडायला गेलो तेव्हा तिच्या लेकीनं चहा केला. कपबशी माझ्या हातात देता-देता सरांना म्हणाली, "आमच्या मायनं तुमच्या महालक्ष्म्या कडू केल्या, तरी तुम्ही दारात आले. मन मोठं हाय तुमचं." शेजारची बाई हसली. गावभर झालं होतं. म्हातारीनं देवीला कडू चारलं, म्हणून डोळे गेले, असंही कुणी म्हणत होतं. हे ती रोज ऐकत होती, त्याच अंगणात बसून.

सर बोलणारच होते. गयाक्कानं हात वर केला. "राहू द्या सर. आता कशाला?" आणि तिचा दुसरा हात माझ्या गुडघ्यावर होता, दाबलेला. बोलू नको. मी बोलले नाही. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मला भीती होती. या वेळी काय होतं? तिचं ऐकलं, असं मी स्वतःला सांगते. चहाही पिऊन टाकला.

यंदा ते बी मी लावलं. उगवलं. प्रत्येक वेलाचं पहिलं फळ तोडून देठाकडचा तुकडा चावते. पहिल्या दिवशी जीभ लावायलाच धीर होईना. एक वेल कडू निघाला. थुंकले, उपटला, बांधापलीकडं फेकला. 'दिसायला देखणं' एवढं तोंडातून आलं आणि पुढचं आलंच नाही. बाकी सगळे गोड. इतके गोड की चावताना लाज वाटली. यंदा सरांनी वाटेकऱ्यांच्या चिठ्ठीवर छापून घेतलंय की एकेक वेल चाखून मगच भाजी येते. जोशीकाकू पिशवी घेताना म्हणाल्या, "गयाबाई असताना बरं होतं बाई." मी त्यांना सांगितलं. सगळं, त्यांच्याच दारात उभं राहून. त्यांनी पिशवी उंबऱ्यावर टेकवली. मग "मीच तुला म्हटलं होतं, दात लावू नको," एवढं पुटपुटल्या आणि आत गेल्या. पिशवी उंबऱ्यावरच राहिली.

सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. तसं काही वाटलं नाही. जिथं सांगायला पाहिजे तिथं अजून सांगितलेलं नाही, म्हणून असेल.

आक्का, तुम्ही 'आता कशाला' म्हणालात. त्या दोन वेलांचं सोडलं तर तुमचं आजवर सगळं ऐकलं, हे ऐकणार नाही. मधल्या ओळीतलं एक वाळूक मी पिकायला ठेवलंय. उललं की वास सुटेल, तेव्हा ते घेऊन जाफराबादच्या गाडीत बसेन. यंदा पाय निघाला नाही तर पुढच्या भादव्यात, पण येईन. तुमच्या लेकीपुढं, त्या हसणाऱ्या शेजारणीपुढं, त्याच अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हणेन, त्या चिंध्या मी बांधल्या होत्या. तुम्ही गुडघा दाबलात तरी म्हणेन. नजर मला परत देता येत नाही. नाव देता येतं, ते देईन.

तुमच्यासारखी गाठ आता मला येते. हिवाळाभर शिकले. पण त्या वाळकाच्या देठाला चिंधी बांधेन ती धानाच्या पेंढीचीच, पिळा देऊन खोचलेली. तुमच्या हातात ठेवलं की अंगठा तिच्यावरून फिरेल, आणि मी तोंड उघडायच्या आधी तुम्हाला कळेल, कोण आलंय ते.